कुलूपबंद दारावरचे समन्स

ती घटना मला आजही तारीखवार आठवते, म्हणून तारखांपासूनच सुरुवात करतो. वर्ष आणि माणसांची नावे लिहिणार नाही. तालुका लहान आहे, नाव न घेताही अर्धी माणसे ओळखू येतील. दोषी मात्र हुद्द्यानिशी लिहितो.

रमजान ईदेच्या आदल्या आठवड्यात मूळ चूक घडली. तिला जबाबदार शिरूर कासारचा एक मोटारसायकल मेस्त्री. वैशाखातल्या एका बाजाराच्या दिवशी नाकाबंदीत एक मोटारसायकल न थांबता सुसाट निघून गेली, आणि अंमलदाराने मोबाईलवर तिचा मागून फोटो काढून ई-चलन केले. चलनाचा संदेश ज्या मोबाईलवर गेला तो क्रमांक गाडीमालकाचा नव्हताच. गाडी विकताना शोरूमच्या एजंटाने नोंदणीच्या कागदावर स्वतःचाच क्रमांक टाकला होता. जबाबदार तो एजंट. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी चलन न्यायालयात गेले आणि समन्स निघाले. ते बजावायला गेलेल्या हवालदाराने घराला कुलूप पाहिले, कागद दारावर डकवला आणि अहवालात लिहिले, ‘समन्सची बजावणी झाली.’ जबाबदार तो हवालदार. संक्रांतीच्या सुमारास जामीनपात्र वॉरंट निघाले. आणि या सगळ्याच्या मधे, त्या बजावणी अहवालावर न वाचता सही करणारा ठाण्यातला उपनिरीक्षक. तो उपनिरीक्षक मी.

एवढे लिहून झाल्यावर आता सांगतो काय झाले ते.

निवृत्तीला माझे एक वर्ष राहिले होते. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन बाहेर पडणार होतो. ठाण्यात माझ्याकडे न्यायालयाचे टपाल, चारित्र्य पडताळणी आणि मुद्देमालाची खोली, अशी तीन कामे होती. म्हणजे ज्या कामांकडे तरुण अधिकारी ढुंकूनही पाहत नाहीत ती. फाल्गुनात पोलीस भरतीत निवड झालेल्या उमेदवारांचे पडताळणीचे नमुने आमच्याकडे आले. त्यात एक नमुना आमच्याच तालुक्यातल्या एका मुलीचा होता. आईवडील ऊसतोडीला जाणारे. मुलगी बीडला खोली करून राहिली, पहाटे मैदानावर धावली, दुसऱ्या प्रयत्नात निवडली गेली. नमुन्यात प्रश्न असतो, आपल्याविरुद्ध न्यायालयात कोणताही खटला प्रलंबित आहे काय? तिने ठळक अक्षरात लिहिले होते, ‘नाही.’

संगणकावर तिचे नाव टाकले तर खटला प्रलंबित. धोकादायकपणे वाहन चालवणे आणि पोलिसांचा इशारा न मानणे. वर वॉरंट.

सर्वसामान्य वाचकाला वाटेल, चलनच तर आहे. पण खाते चलनाकडे फारसे पाहत नाही, ‘नाही’ या शब्दाकडे पाहते. माहिती लपवली असे एकदा ठरले की निवड रद्द होते. वयाची अट बघता ती तिची शेवटची भरती होती. नियमाप्रमाणे तिला नोटीस गेली, पंधरा दिवसांत खुलासा करा.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात आली. रडत नव्हती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, क्रमाने लावलेले. मला तिथेच ती मुलगी आवडली. तीस वर्षांत ठाण्यात कागद क्रमाने लावून आलेली माणसे मी बोटांवर मोजली आहेत.

“साहेब, गाडी माझ्या नावावर हाय, पण मला चालवता बी येत न्हाई. आण्णानं दसऱ्याला घेतली. लेकीच्या नावावर घेतली तर लाभती म्हणून. मी त्या दिवशी बीडला गोळाफेकीचा सराव करत होते.”

मी म्हणालो, हे सगळे मला सांगून उपयोग नाही, न्यायालयाला सांगावे लागेल. त्यासाठी आधी खटल्याचा कागद हवा.

इथे माझा संताप सुरू होतो, आणि वाचकांनी तो समजून घ्यावा. ऑनलाईन पाहिले तर चलनापुढे एवढेच, ‘न्यायालयात पाठविले’. दंड भरायची सोय बंद, तक्रार नोंदवायची सोय बंद. कोणत्या न्यायालयात, कोणता क्रमांक, पुढची तारीख कोणती, यातले काहीही नाही. ती बिचारी आधी बीडला जिल्हा न्यायालयात गेली. तिथल्या खिडकीवर म्हणाले, तालुक्याला बघा. तालुक्याच्या न्यायालयात म्हणाले, खटल्याचा क्रमांक आणा. क्रमांक मिळतो पोलीस ठाण्याच्या जावक नोंदवहीत. आमच्या जावकच्या कारकुनाने तिला सांगितले, आधी न्यायालयाचा क्रमांक आणा, मग नोंद शोधतो. चार दिवस ती अशी एसटीने फिरत राहिली. पंधरातले चार.

पाचव्या दिवशी मी स्वतः जावक नोंदवही घेऊन बसलो. वाहतुकीच्या चलनांचा गठ्ठा एकाच पत्राने जातो. गाडी क्रमांकाने शोधाल तर जन्मभर सापडणार नाही, पत्राच्या तारखेने शोधायचे. पत्र सापडले, त्यावर न्यायालयाचा शिक्का, शिक्क्यात क्रमांक. मग तिच्याकडून नकलेचा अर्ज लिहवून घेतला, त्यावर कोर्ट फी तिकीट लावले आणि दोघे न्यायालयात गेलो. अभिलेख कक्षातल्या लिपिकाने, भला माणूस तो, फाईल टेबलावर ठेवली. चलन, फोटो, समन्स, बजावणी अहवाल, वॉरंट, रोजनामा.

मुलगी एकेक पान उलटत होती. बजावणी अहवालावर तिचे बोट थांबले.

“साहेब, ही सही तुमची हाय का?”

मी चष्मा लावला. चष्म्याची गरज नव्हती. म्हणालो, “माझीच आहे.”

तिने पान उलटले आणि फोटो पाहू लागली. तिने दोन शब्द सुनावले असते तर मला सोपे गेले असते. दिवाळीनंतर तिच्या वस्तीवरची निम्म्याहून अधिक घरे बंद असतात, हे मला ठाऊक नव्हते? तालुक्यात पोरासोरांना ठाऊक असते. समोरच्याच ओट्यावर दिवसभर बसणारा म्हातारा मुलगी बीडला आहे हे सांगू शकला असता. हवालदाराने त्याला विचारले नाही, आणि विचारलेस का, हे मी हवालदाराला विचारले नाही. फाल्गुनापर्यंत दारावर वाळलेल्या खळीचा पांढरा चौकोन तेवढा उरला होता.

“आमच्या गाडीला ह्या कड्या न्हाईत,” ती एकदम म्हणाली.

फोटोत गाडीच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या अडकवायच्या लोखंडी कड्या दिसत होत्या. पाटीवरचा क्रमांक स्पष्ट, तिच्याच गाडीचा. गाडी तीच कंपनी, तोच काळा रंग.

बोगस पाटीचे प्रकरण आहे, असा माझा कयास झाला. त्याच संध्याकाळी तिच्या घरी ठेवलेली गाडी पाहिली. कड्या नाहीत, कड्यांच्या खुणाही नाहीत. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतला, नोंदणीशी ताडला. पाटी बरोबर, चेसिस बरोबर. म्हणजे या गाडीत काहीच गैर नव्हते, आणि नेमके तेच मुलीच्या विरोधात जात होते. कड्या काय, काढूनही ठेवता येतात, असे कुणीही म्हणाले असते.

वडिलांचा जबाब हवा होता. ते सांगलीकडे उसाच्या फडावर. मी त्यांच्या टोळीच्या मुकादमाला फोन केला. पाच मिनिटांत वडील फोनवर होते. ज्या कुटुंबाचा ठावठिकाणा आमच्या ठाण्याला दोन कागद बजावताना सापडला नाही, ते कुटुंब पाच मिनिटांच्या अंतरावर होते. हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे.

वडील घाबरले होते. पोलिसांनी ऊस तोडणाऱ्याला फोन केला की तो आधी गुन्हा कबूल करतो, मग विचारतो कशाबद्दल. मी त्यांना धीर दिला. गाडी कुठे कुठे असते, विचारले. दसरा ते पाडवा मेस्त्रीच्या शेडात, एरवी घरी; यंदा निघायच्या घाईत शेडात न्यायची राहिली म्हणून घरातच कुलपात. दुरुस्तीला कधी दिली? दिली नाही. मग हसून म्हणाले, “आखाडात मेस्त्रीच घरी आला अन् गाडी घेऊन गेला. ऑइल बदलून दिलं, फुकट. म्या म्हणलं, आज सूर्य कुणीकडं उगवला?”

खबर देणाऱ्याला बहुतेक वेळा आपण खबर देतो आहोत हे कळत नाही. मेस्त्रीला मी वीस वर्षे ओळखत होतो. त्याने नटाखालचा वायसर बदलला तरी तो त्याचे पैसे घेई, आणि उरलेला रुपया मागून परत देई. असा माणूस घरी जाऊन फुकट ऑइल बदलून देत नाही.

मेस्त्रीच्या शेडाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. दसरा झाला की शिरूरची आणि आसपासची माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. मोटारसायकल बरोबर नेता येत नाही, घरी ठेवली तर भावकीतले कुणी फिरवते. म्हणून गाड्या मेस्त्रीकडे. तो पेट्रोल काढून ठेवतो, बॅटरी सोडवतो आणि दोन्ही पाट्या काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगतो. न जाणो, चावी कुणी पळवली तरी बिनपाटीची गाडी नाक्यावर अडकेल. आजच्यासारख्या न निघणाऱ्या पाट्या तेव्हा त्या गाड्यांना नव्हत्या, दोन स्क्रूंचे काम. पावती नाही, नोंद नाही. मेस्त्रीला लिहिता-वाचता येत नाही. तरी इतक्या वर्षांत एक गाडी इकडची तिकडे झाली नव्हती. लोक बँकेवर ठेवत नाहीत एवढा विश्वास त्या शेडावर ठेवत.

मी त्याला ठाण्यात बोलावले, आणि पहिली चूक केली, मी ओरडलो. पाटीशी छेडछाड, खोटा पुरावा, जी जी कलमे तोंडात आली ती ऐकवली. मेस्त्री बाकावर बसून राहिला. टोपी मांडीवर. दीड तासात एकच वाक्य बोलला, “साहेब, आपण म्हणाल ते कबूल, पण मला काय ठावं न्हाई.” त्याला पाहताच मला कळले की याला ठाऊक आहे. खोटे बोलायची सवय असलेला माणूस गोष्टी रचून सांगतो. ज्याला ती सवय नसते तो गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्याच्या शेडात गेलो. हंगाम सुरू होता, गाड्या दाटीने उभ्या, भिंतीवर पाट्यांच्या रांगा. मी पाटीचा विषयच काढला नाही. म्हणालो, मेस्त्री, एक कोडे आहे. तुम्हाला अक्षर येत नाही, मग कोणती पाटी कोणाची हे कळते कसे?

त्याचा चेहरा उजळला. आयुष्यात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. हात पुसत तो भिंतीपाशी गेला. ही रांग घाटशीळ वाटेच्या गावांची, ही शिरूरची, ही खालची चकलांब्याकडची. जो आधी गाडी आणील त्याचा पहिला खिळा. माणूस लक्षात राहतो, माणसाचा खिळा लक्षात राहतो. “तुमी फौजदार हायसा, तुमाला गुन्हेगाराचं तोंड ध्यानात राहतं का न्हाई? तसंच हे.”

मग म्हणाला, अडचण फक्त ईदेच्या चुन्याला येते. चुना मारायचा म्हणजे भिंत मोकळी करावी लागते. सगळ्या पाट्या उतरवून रांगेने जमिनीवर मांडायच्या, चुना वाळला की त्याच क्रमाने...

तिथे तो थांबला. एकेक करून भिंतीवरच्या दोन खिळ्यांना बोट लावले.

“दोन खिळे इकडचे तिकडं झाले, साहेब,” तो म्हणाला. “एकच कंपनी, एकच रंग, एकाच दिवशी एकाच शोरूममधून घेतलेल्या. एक ह्या आण्णाची, एक चकलांब्याच्या दूधवाल्याची. त्याची सासुरवाडी इथली, म्हणून तो बी उसाला जाताना गाडी माझ्याकडंच ठिवतो.”

चुन्यानंतर आलेल्या पाडव्याला दोघांनी गाड्या नेल्या. क्रमांकात एका आकड्याचा फरक. गाडी ओळखताना माणूस आकडा पाहत नाही, टाकीवरचा ओरखडा पाहतो. दूधवाल्याची गाडी आषाढात चेनच्या कामाला आली तेव्हा मेस्त्रीला पाटी खटकली. त्याच्या मूळ पाटीच्या कोपऱ्याचा पोचा त्याने स्वतः हातोडीने काढला होता, आणि या पाटीला तशी खूणच नव्हती. मग आण्णाच्या गाडीला फुकटचे ऑइल, आणि दुपारच्या सामसुमीत दोन्ही पाट्या जागच्या जागी. कुणाला काही न बोलता.

“का नाही सांगितलं, मेस्त्री?”

“एकाची चुकली म्हणल्यावर बाकीचे म्हणतील, आमची बी बघा. मग पुढल्या दसऱ्याला कोण गाडी लावील? इथं गाडी लावत न्हाईत साहेब, भरोसा लावतात.”

तेव्हा मी त्याला मुलीचे सांगितले. पाट्या बदललेल्या त्या तीन महिन्यांत झालेले चलन, त्यातून पुढे वॉरंट, भरती. त्याला यातले काहीच माहीत नव्हते. काल ठाण्यात मी कलमे ऐकवली, मुलीचे नाव मात्र घेतले नव्हते, ही माझी दुसरी चूक.

“कोण म्हणलात? आण्णाची ती बारकी? बापासंगं यायची, टाकीवर बसून. तिला मी स्पॅनरांचे नंबर विचारायचो, अन् तीच मला वाचून दाखवायची.” त्याने साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. टोपी घातली, शटर ओढले. “चला. कुठं सांगायचं ते सांगतो.”

मी त्याला कायद्याने बजावले की यात तुमच्यावरही ठपका येईल, गावभर चर्चा होईल. तो म्हणाला, ते मी रात्रीत शंभर डाव मनात घोकलंय साहेब, पण त्यात पोरगी नव्हती.

चकलांब्याचा दूधवालाही हंगामावर होता. मुकादमामार्फत निरोप गेला आणि तो चौथ्या दिवशी गाडीभाडे खर्चून हजर झाला. मला वाटले होते याला बोलते करायला घाम फुटेल. त्याने बसायच्या आतच सांगून टाकले.

“गाडी म्याच दामटली. वैशाखातलं ऊन, किटलीत दूध, अन् हवालदार म्हणतो रांगेत थांब. दूध नासलं असतं, साहेब.”

“वर्ष होत आलं, आलास का नाही सांगायला?”

“मला कुणी इचारलंच न्हाई की.”

त्याचे चलन दुसऱ्याच्या नावावर गेल्यामुळे त्याला कुणीही विचारले नव्हते, हे कायदेशीरदृष्ट्या अगदी बरोबर होते.

मुदतीच्या तेराव्या दिवशी तिघे न्यायालयात उभे राहिले. मुलगी आधी वॉरंट रद्द करून घ्यायला पुढे झाली. मग मेस्त्री. दंडाधिकारी वयाने तरुण होते, त्यांनी त्याला बसायला खुर्ची देऊ केली. तो बसला नाही. खिळ्यांपासून चुन्यापर्यंत सगळे त्याने भरल्या न्यायालयात सांगितले. बाकांवर त्याच्याकडे गाड्या लावणारी, फडावरून लवकर परतलेली तीनचार माणसे बसलेली त्याला दिसत होती. त्यांच्याकडे बघूनच तो म्हणाला, चूक माझी, दडवली ती बी मीच, पोरीचा यात दोष न्हाई. दूधवाल्याने गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. बजावणी अहवाल सदोष होता, आणि सही करण्यापूर्वी मी तो वाचला नव्हता, हे मी स्वतः शपथेवर सांगितले. त्याबद्दल मला खात्याकडून लेखी समज मिळाली. ती योग्यच होती.

रोजनाम्यात नोंद झाली की मुलगी वाहन चालवत नव्हती, तिला खटल्याची माहिती असण्याचे कारण नव्हते, तिच्याविरुद्धचा खटला काढून टाकण्यात येतो. नकलेला आठवडा लागतो असे नक्कल विभागाने सांगितले. मी तातडीचा अर्ज दिला आणि खुर्ची ओढून तिथेच बसलो. त्या लिपिकाला माझा स्वभाव ठाऊक होता. चौदाव्या दिवशी दुपारी शिक्क्यानिशी प्रत हातात आली. मुलगी थेट एसटीत बसली. पंधराव्या दिवशी सकाळी तिचा खुलासा बीडच्या कार्यालयात दाखल झाला. दीड महिन्याने तिला प्रशिक्षणाचे पत्र आले. ते दाखवायला ती आधी शेडात गेली, मग माझ्याकडे आली. त्या क्रमाचे मला वाईट वाटले नाही. आणि त्या दसऱ्याला मेस्त्रीकडे नेहमीएवढ्याच गाड्या लागल्या, फक्त माणसे आता आपली पाटी स्वतः खिळ्याला टांगून जातात.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. निरक्षर मेस्त्रीने चूक केली आणि वेळ आली तेव्हा भरल्या न्यायालयात तिची कबुली दिली. दूधवाला विचारताक्षणी बोलला. अडाणी म्हणून ज्यांना आपण बाकावर ताटकळत ठेवतो त्यांच्याकडून खरे बाहेर यायला एक योग्य प्रश्न पुरला. शिकलेल्यांच्या नोंदवह्यांतून खरे बाहेर काढायला मात्र एका मुलीला पंधरापैकी पाच दिवस लागले, आणि बरोबर एक फौजदार होता म्हणून तेवढ्यात भागले. ज्यांच्याबरोबर फौजदार नसतो त्यांचे काय होते?

निवृत्तीनंतर मी हे सहा पत्रांतून वरिष्ठ कार्यालयांना कळवले. चार पत्रांना उत्तर आले, ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.’ दोन पत्रांना तेवढेही नाही. वर्ग झालेले माझे अर्ज आज कोणत्या वर्गात बसले आहेत, मला ठाऊक नाही.

म्हणून आता जाहीरपणे विचारतो. या जिल्ह्यात दसरा ते पाडवा कुलूप लागलेल्या दारावर समन्स डकवून ‘बजावणी झाली’ असे लिहिणे बंद झाले आहे काय? प्रत्येक टोळीच्या मुकादमाचा फोन क्रमांक ठाण्यात का ठेवला जात नाही? न्यायालयात गेलेल्या चलनापुढे खटल्याचा क्रमांक आणि तारीख का लिहिली जात नाही? माझ्या वाट्याचे उत्तर मी वर दिले आहे. उरलेले जिल्ह्याच्या पोलीस आणि परिवहन कार्यालयांनी द्यावे. मला टपालाने पाठवू नये. प्रत्येक ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या फलकावर लावावे, आणि ते पाडव्यानंतर लावावे, माणसे घरी असताना.